पाचटाचा बाप

कृष्णातची लाथ बसली तशी पाचटाची बाहुली उडून उकिरड्यावर जाऊन पडली. डोक्याच्या जागी लावलेलं कच्चं कवठ सुटलं आणि गडगडत हौदापाशी गेलं. भोवतीच्या पोरी किंचाळत पांगल्या. रंगू तेवढी जागची हलली नाही. तिच्या हातात दगड होता, पुढ्यात फुटक्या बांगड्यांच्या काचा होत्या, आणि ती मान वर करून त्या माणसाकडं नुसती बघत होती.

मनुबाई गोठ्याच्या दारात शेणाची पाटी घेऊन उभी होती. नवऱ्याचा हात वर गेलेला दिसला तशी पाटी टाकून ती धावली. पण ती पोचायच्या आत पोरीच्या गालफडात बसली होती.

“माझं मढं काढती?” कृष्णातचा आवाज चिरकला. “जित्या बाचं मढं काढती? कुणी शिकवलं तुला ह्ये?”

रंगू रडली नाही. सात-आठ वर्षांची पोर, पण डोळ्यांत टिपूस आलं नाही. मनुबाईनं तिला ओढून पोटाशी धरलं तर ती लाकडासारखी ताठ.

“आवं, पोर हाय. खेळत हुती.”

“ह्यो खेळ? ‘बा माझ्या, कुटं गेलास रं’ म्हणून ह्या गळं काढत्यात, आन मी भिताडाआड उभा ऱ्हाऊन ऐकतोय! तिकडं माणसं मेली त्यांस्नी रडाय कोण न्हवतं. आन हितं मी जित्ता असून...” पायानं त्यानं काचांची रास उधळली आणि तरातरा निघून गेला.

कालवा ऐकून थोरली जाऊ बनुबाई परसात आली. कमरेवर हात ठेवून तिनं सगळं बघितलं. “म्या कवाधरनं सांगतीया, पोरीला अवदसा आठवलीया. आता धनी घरी आला, आता तरी बंद कर म्हणावं.”

मनुबाईच्या ओठावर शब्द आला होता. तो तिनं गिळला. दोन वर्षं ती गिळतच आली होती.

कृष्णात पलटणीत होता. कोरेगावच्या अंगाच्या त्या गावात घरटी एक माणूस पलटणीत असायचंच. एक भाऊ ऊस बघायचा, दुसरा बंदूक. रंगू दुडूदुडू चालायला लागली होती तेव्हा तो गेला तो पार मलायाच्या मुलखात. सिंगापूर पडलं आणि त्याची खुशाली यायची थांबली. सरकारकडं विचारलं तर ‘पत्ता नाही’ एवढंच. त्याच्याच कंपनीतला गुंडा, शेजारच्या गावचा, पायाला गोळी लागून आधीच माघारी आला होता. तो म्हणाला, नदीच्या काठाला कृष्णातला पडताना मी बघितला. पडताना बघितला की मेलेला बघितला, हे त्याला विचारावं असं घरात फक्त मनुबाईला वाटलं. पण परक्या माणसापुढं जाऊन बोलायची तिला मुभा नव्हती, आणि ज्यांना होती त्यांना गरज वाटली नाही.

तरी ती कुंकू लावत राहिली. दादासोनं, थोरल्या दिरानं, तेव्हा हरकत घेतली नाही. हरकत आली ती चव्वेचाळीस साली. दादासोची लेक कवठे महांकाळच्या बाजूला द्यायची ठरली आणि तिकडच्या जाणत्या माणसांनी खोडा घातला. घरातला माणूस गेला म्हणता, आणि त्याचं दिवसकार्य नाही. असल्या अधांतरी घरात आम्ही अक्षता टाकायच्या कशा? झालं. दादासोनं गुंडाला पुन्हा बोलावला, त्याच्याकडून पुन्हा तेच वदवून घेतलं आणि आठवड्याच्या आत सगळं उरकून टाकलं.

मढं नव्हतं, म्हणून भटजींनी दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा बांधला. डोक्याला नारळ लावला, वर पांढरं कापड घातलं. तो अंगणात ठेवल्यावर बनुबाईनं रंगूला काखेत उचलून पुढं नेलं. “बघ, तुजा बा चालला. पाया पड त्याच्या.” पोर त्या पानांकडं टकामका बघत राहिली. मग मनुबाईला भिंतीशी बसवली आणि बनुबाईनंच दगडानं तिच्या बांगड्या फोडल्या. रंगूनं भोकाड पसरलं तशी कुणीतरी तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. “गप ऱ्हा. पाव्हणं बसल्यात.” ओढ्याकाठी नेऊन पुतळा जाळला. महिना उलटायच्या आत त्याच अंगणात मांडव पडला. सनई वाजत होती तेव्हा मनुबाई आतल्या अंधाऱ्या खोलीत तांदळाच्या पोत्याला टेकून बसली होती. अशुभ बाईनं मांडवात यायचं नसतं.

रंगूचा खेळ त्यानंतरचा. गोठ्यामागं चार पोरी जमवायची, उसाचं वाळलं पाचट दोरीनं बांधून माणूस करायची. त्याला आडवं घालायचं, चिंधी पांघरायची, गळे काढायचे, मग एका पोरीला भिंतीशी बसवून काचा फोडायच्या. मनुबाईनं तो पहिल्यांदा बघितला. पाठीत धपाटा घालायला ती पुढं झाली आणि थबकली. रंगूचं तोंड तिला दिसलं. त्या दिवसापासून मिटलेलं, घुम्यासारखं झालेलं ते तोंड उघडलं होतं, लालबुंद झालं होतं. त्या रात्री पोर दीड भाकरी जेवली आणि अंथरूण ओलं न करता झोपली. पुढं मनुबाईच्या ध्यानात आलं, खेळ झाला की पोर माणसांत येते, खेळ चुकला की चिडचिड करते. मग ती गोठ्यात काम काढून उभी राहायची. साऱ्या घरात तिच्या नवऱ्यासाठी कुणी रडत असेल तर त्या चार पोरी, त्याही लटक्या. बाकीच्यांचं रडणं लग्नात विरून गेलं होतं.

आणि सेहेचाळीसच्या थंडीत कृष्णात आला. जपान्यांच्या कैदेत इतकी वर्षं काढून, हाडं आणि कातडं एवढं घेऊन कोरेगाव स्टेशनावर उतरला आणि चालत गावाकडं निघाला. वेशीजवळच कुणीतरी ओळखला. दादासो पळत गेला, गळ्यात पडला, रडला, हे खरं. पण मग त्यानं भावाला मारुतीच्या देवळात बसवून ठेवला आणि भटजींना बोलावणं धाडलं. ज्याचं दिवसकार्य झालं तो असा सरळ उंबरा ओलांडत नाही. त्याचा नवा जन्म करावा लागतो, बायकोशी पुन्हा लगीन लावावं लागतं. ते सगळं झालं. कासारीण आली, हिरवा चुडा भरला. दोन वर्षं सकाळी तिचं तोंड बघायला नको म्हणणारी बनुबाई खिदळत म्हणाली, “नवी नवरी गं बाई!” मनुबाईनं खाली मान घालून चुडा भरून घेतला. नवरा जिवंत दिसल्याचा आनंद होता, खोटं कशाला बोला. पण त्या आनंदाच्या बुडाशी जे पेटलं होतं ते विझेना.

रंगू तेव्हा वडूजला मामाकडं, आकारामकडं होती. “पोरीला आणा की,” मनुबाईनं जावेच्या तोंडून दिराला सांगितलं. दिराचा उलटा निरोप आला, “पोरीचं काय काम हाय त्यात?” सगळं उरकल्यावर पोर आली, तर ओट्यावर एक काळा, हडकुळा माणूस बसलेला. “ह्यो तुजा बा,” तिला सांगितलं. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि ती गोठ्यामागं निघून गेली. तिचा बा तिच्या डोळ्यांदेखत जाळायला नेला होता.

दादासोनं घरात सगळ्यांना ताकीद दिली होती, “झालं गेलं उकरायचं न्हाई. त्या दिसांचं कृष्णातच्या कानाव काय घालायचं न्हाई.” कृष्णातला एवढंच ठाऊक होतं, की आपण मेलो असं समजून घरच्यांनी कार्य केलं. कशापायी, कसं, कुणापुढं, यातलं काही नाही.

लाथ बसली त्याच दिवशी बनुबाईनं सगळ्या बाहुल्या गोळा करून गुऱ्हाळाच्या चुलवणात घातल्या. दादासोनं गोठ्यामागची जागा बाभळीच्या काट्यांनी बुजवून टाकली. पोरींच्या आयांना निरोप गेले, आमच्या रंगूसंगं खेळाय पाठवू नका.

रंगू खेळायची थांबली. तिच्याबरोबर बाकी सगळंच थांबलं. बोलणं बंद झालं. भाकरीचा तुकडा तोंडात घालून ती तासभर तसाच धरून बसायची. अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं. भिंतीला पाठ लावून ती दिवसदिवस बसायची आणि कानामागचा एकेक केस उपटायची. पुढं पुढं तिथं रुपयाएवढं टक्कल पडलं. कृष्णात आत आला की तिचे खांदे कानाशी जायचे.

त्यालाही ते दिसत होतं. मारल्यापासून त्याचाही घास गोड लागत नव्हता. पण बोलायला गेला की शब्दाऐवजी ओरडणंच बाहेर यायचं. “बोल की! मी काय वाघ हाय?” म्हणून खेकसला की पोर आणखी मिटायची.

शेवटी दोघं तिला साताऱ्याला एका डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरनं जीभ बघितली, पोट दाबून बघितलं.

“खेळते का?” त्यानं विचारलं.

“न्हाई जी,” कृष्णात झटकन म्हणाला. “अजाबात न्हाई. समदं बंद केलंय.”

डॉक्टरनं मान हलवली आणि लालभडक औषधाची बाटली भरून दिली. बाहेरच्या व्हरांड्यात रोग्यांची पोरं फरशीवर खडूनं घरं आखून खेळत होती. बाटली पिशवीत ठेवता ठेवता मनुबाईला दिसलं, रंगू त्यांच्याकडं टक लावून बघतीय. बघता बघता तिनं वाकून एक काटकी उचलली. काटकीला परकराचा सुटलेला धागा गुंडाळला, एकदा, दोनदा. मग एकाएकी आईची नजर तिला जाणवली. काटकी टाकून तिनं हात पाठीमागं लपवले.

“आय, न्हाई खेळत म्या,” ती पुटपुटली. “न्हाई खेळत. कुणाला सांगू नगंस.”

इतक्या दिवसांत पोर बोलली ती एवढंच. चोरी करताना सापडल्यागत तिचा चेहरा झाला होता. मोटारीत बसून गाव येईपर्यंत मनुबाईचे दात एकमेकांवर घट्ट बसलेले होते. कुणाचा राग, हे आता तिला लख्ख दिसत होतं. पोरीचा नव्हे. नवऱ्याचा थोडा. स्वतःचा बराच, दोन वर्षं गिळत राहिल्याचा.

औषधानं काही झालं नाही. मग बनुबाईनं देवरुषी गाठला. त्यानं कौल दिला, पोरीच्या अंगात ज्याचं कार्य झालं त्याचंच भूत राहिलंय. बाप परत आला, भूत जायला तयार नाही. मिरच्यांची धुरी द्यायची आणि त्यातनं पोरीला बोलती करायची. दादासोनं अमावस्येची वाटही बघितली नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी अंगणात शेगडी पेटली, सुक्या मिरच्यांचं सूप भरून आलं आणि बनुबाई रंगूच्या दंडाला धरून तिला ओढत घेऊन आली. पोर पाय रोवून मागं रेलत होती, तोंडातून आवाज नव्हता. कृष्णात ओट्यावर उभा होता, काही कळत नसल्यासारखा.

मनुबाई चुलीपासून उठली. अंगणात आली आणि तिनं लाथेनं शेगडी उलटी केली. निखारे धुळीत फुटले.

“सोडा तिला, अक्का.”

“डोस्कं फिरलं का काय तुजं?” बनुबाई ओरडली.

“सोड म्हंते!”

बनुबाईचा हात आपोआप सुटला. दादासो पुढं झाला. थोरल्या दिरापुढं मनुबाई आजवर पदर डोळ्यांपर्यंत ओढून उभी राहिली होती. आता तो खांद्यावर घसरला होता आणि तो सावरायचं तिच्या मनात आलं नाही.

“दादा, तुमी थांबा तितंच. आज मी बोलनार. पोरगी बाहुलीला बा म्हणून रडली तर तुमास्नी भूत दिसलं. तुमी काय केलंत? ह्याच अंगणात पानं बांधली, नारळ लावला, आन पोरीला उचलून म्हनलासा, ह्यो तुजा बा. तवा ती पाच-सहा वर्साची हुती! तुमी बाहुली केली, तुमी तिला बा म्हनलासा, तुमी ती जाळलीसा. आमी पाया पडलो. ती खेळली तर अवदसा, आन तुमी खेळलासा ते शास्तर?”

“मनू!” दादासो गरजला. “ते धर्माचं कार्य हुतं.”

“धर्माचं?” ती हसली. ते हसू चांगलं नव्हतं. “सांगा की तुमच्या भावाला, धर्म कवा आठवला ते. दोन वर्सं नव्हता आठवला. तुमच्या लेकीचं लगीन अडलं तवा आठवला! कवठ्याचं पाव्हणं आडलं, म्हणून माझा नवरा मेला. न्हाईतर अजून जिताच हुता तुमच्या लेखी!”

कृष्णात ओट्यावरून उतरला. हळू हळू चालत भावापुढं येऊन उभा राहिला.

“खरं हाय का ह्ये, दादा?”

“कृष्णा, अरं, गुंडानं सांगितलं हुतं...”

“गुंडानं पडताना बघितलं. पडलोच हुतो मी. पुन्यांदा उठलो.” त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. “मी तिकडं उंदरं भाजून खात हुतो. कशापायी? घरी मानसं वाट बघत्यात म्हणून! आन तुमी मांडवाला आड येतो म्हणून मला जाळून मोकळं झालासा?”

“समाजात ऱ्हायचं म्हंजी...” असं काहीतरी दादासो बोलला. कृष्णातनं मूठ वळली, आणि मनुबाईला क्षणभर वाटलं, आता हा थोरल्या भावावर हात टाकणार. टाकला असता तर तिनं अडवलं नसतं. पण कृष्णातचं लक्ष एकाएकी दुसरीकडं गेलं. रंगू उलट्या शेगडीपाशी उभी होती आणि त्याच्या मुठीकडं बघत होती.

मूठ सुटली.

मनुबाई गोठ्यात गेली. वैरणीशेजारून पाचटाचा एक भारा उचलून आणला आणि अंगणाच्या मध्यात टाकला. “रंगे, बांध तुजा बा. आज हितंच खेळायचं. समद्यांच्या म्होरं. कोण काय म्हनतंय बघू.”

रंगू हलेना. आईकडं बघितलं, थोरल्या आयकडं, बनुबाईकडं बघितलं. तेव्हा कृष्णात तिच्यापासून चार हात लांब जमिनीवर उकिडवा बसला.

“पाचट कशाला?” तो म्हणाला. “मी हाय की. मी हुतो त्यो.”

रंगूनं पाचटाच्या भाऱ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

“तुमी न्हाई,” रंगू अगदी बारीक आवाजात म्हणाली. “त्यो मेलाय.”

“व्हय. त्योच हुतो मी. बघ.” आणि तो माणूस सगळ्यांच्या देखत अंगणात उताणा आडवा झाला, हात अंगाशी घेतले आणि डोळे मिटले.

बनुबाईनं “अगं आई गं, अभद्र!” म्हणून तोंडाला पदर लावला. दादासो “कृष्णा, ऊठ!” म्हणाला. कुणी उठलं नाही.

रंगू एक पाऊल पुढं आली. मग आणखी एक. वाळणीवरचं धडपं ओढून तिनं त्याच्या अंगावर घातलं. पाय उघडे राहिले तर वाकून नीट झाकले. तोंडावर मात्र घातलं नाही, मग थोड्या वेळानं तिथंही घातलं. भिंतीकडं बोट करून ती आईला म्हणाली, “तू तितं बस.”

मनुबाई बसली. त्याच जागी, जिथं तिला दोन वर्षांपूर्वी बसवली होती. रंगूनं दगड आणला आणि आईचं मनगट हातात घेतलं. हिरवा चुडा नवा होता. पोरीनं दगड उचलला, हळूच टेकवला, पुन्हा उचलला. तिच्यानं होईना. मनुबाईनं तिच्या हातून दगड घेतला आणि आपल्याच मनगटावर हाणला. काचा उडाल्या. रक्ताची रेघ तळहातापर्यंत आली.

त्या आवाजासरशी रंगू फुटली. हे खेळातलं रडणं नव्हतं, गळा काढून सुरात रडायचं नव्हतं. गुरासारखा आवाज पोटातून आला. हिसके देत, नाकातोंडातून पाणी गाळत ती आईच्या मांडीत कोसळली. बनुबाई सवयीनं पुढं झाली, “गप गप, बाई...”

“कोण गप करायचं न्हाई तिला,” मनुबाई म्हणाली. “तिला कुणी हात लावायचा न्हाई. रडू दे.”

बनुबाई आत निघून गेली. दादासोनं पायताण घातलं आणि तो मळ्याची वाट धरून गेला. रंगूचं रडणं ओसरत ओसरत हुंदक्यांवर आलं. धडप्याखालचा माणूस अजून तसाच होता. छाती तेवढी वरखाली होत होती.

“म्होरं काय?” धडप्याखालून आवाज आला.

रंगूनं नाक पुसलं. “म्होरं न्हाई काय. जाळत्यात.”

“आमच्या खेळात हुतं म्होरं.”

“तुमी खेळत हुता?”

“लय खेळायचो. कैदेत. पाळीपाळीनं एकजण घरी यायचा.” तो उठून बसला. त्याचे डोळे लाल झाले होते. “दावू?”

पोरीनं मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. कृष्णात उठला, दिंडीदरवाजाबाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. मग कडी वाजली.

“घरात कोन हाय का? कृष्णात आलाय.”

मनुबाईनं आजवर त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. किती लांबून आल्यासारखा होता तो. रंगू दारापाशी गेली. दार उघडून तिनं त्याच्याकडं बघितलं. तिचा चेहरा एकदम रागानं लाल झाला.

“आमच्यात न्हाई कुणी त्या नावाचं!” ती ओरडली आणि दार धाडकन लावलं.

पुन्हा कडी वाजली. तिनं पुन्हा उघडलं. “कशाला आलासा? इतकी वर्सं कुटं हुता?” पुन्हा धाडकन. तिसऱ्यांदा तिनं त्याला पार ओढ्यापर्यंत जाऊन यायला लावलं, “लांबनं या. असं जवळनं न्हाई येत कोन.” तो गेला. ओढ्यापर्यंत गेला आणि आला. गल्लीतली माणसं थांबून बघत होती. दुपार झाली, चूल थंडच होती, आणि तो माणूस येत होता, दार तोंडावर आपटून घेत होता, आणि पुन्हा जात होता. कितव्यांदा तरी रंगूनं दार लावलं नाही. दारातच उभी राहून म्हणाली, “पाय धुवा आदी.” आणि हौदावरून तांब्या भरून आणला.

त्या दिवशी ती त्याच्याजवळ गेली नाही की त्याला बा म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी येऊन तिनं विचारलं, “येताय का खेळाय?”

तो खेळ सारा उन्हाळा चालला. रोज काहीतरी बदलायचा. कधी कृष्णात मेलेला असायचा, कधी रंगू स्वतः आडवी व्हायची आणि बापाला रडायला लावायची, आणि तो रडायचा. कधी गुंडा व्हायला ती बापाला लंगडत चालायला सांगायची आणि मग त्याला खोटारडा म्हणून चोप द्यायची. काट्यांची वई कृष्णातनं स्वतः काढली. पोरी परत आल्या. आषाढात पाचटाच्या माणसाला पाचटाची बैलं आली, पेरणी सुरू झाली, आणि मग एक दिवस तो माणूस तसाच वैरणीत पडून राहिला. कुणाला त्याची आठवण झाली नाही. कानामागं केस उगवले.

मनुबाईचा राग मात्र गेला नाही. तिनं तो घालवायचा प्रयत्नही केला नाही. चुली वेगळ्या झाल्या, मधे कुडाची भिंत आली. पुढं बनुबाई एकदा वाटीत खीर घेऊन आली आणि म्हणाली, “झालं ते झालं, मनू. आमच्या पोरीचं कल्याण बघायचं हुतं.” मनुबाईनं खीर घेतली, वाटी धुऊन परत दिली आणि म्हणाली, “माझ्या पोरीचं कुणी बघितलं?” बनुबाई रिकामी वाटी घेऊन गेली. कृष्णातशीही ती कधी कधी दिवसभर बोलायची नाही. तो समजायचा. पोरीच्या गालावरची त्याची ती एक थप्पड दोघांनाही माहीत होती.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी शेजारची बयाबाई आपल्या लेकीला दंडाला धरून दारात आली. लेकीचा परकर फाटलेला, गुडघा सोललेला.

“मनुबाई, तुमच्या रंगीला आवरा. लगोरीत लय खोटं खेळती, आन बोललं की अंगावर येती. ढकललं हिला दगडाव.”

“रंगे!” मनुबाईनं हाक मारली.

रंगू गल्लीच्या तोंडाशी होती, धुळीनं माखलेली, केस सुटलेले. तिथूनच तिचा खणखणीत आवाज आला, “आय, ती खोटं बोलती! चेंडू लागल्याला नव्हता! इचार सगळ्यांस्नी!”

“तू ढकललंस का न्हाई?”

“ढकललं! मग ती डाव का मोडती?”

बयाबाई बोटं मोडायला लागली. मनुबाईनं तिच्या लेकीचा गुडघा पुसून त्यावर हळद लावली, परकर शिवून देते म्हणाली, समजूत घातली. ते सगळं झाल्यावर ती दारात आली आणि गल्लीकडं तोंड करून ओरडली, “ढकलायचं न्हाई कुणाला. आन डाव तुजा आसंल तर सोडायचा बी न्हाई. जा, अंदार पडायच्या आत पुरा करून ये!”